वायरिंग बदलू नकोस

चिपळूण
शनिवार, दुपार

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

खोक्यात वरच्या बाजूला कुळथाचं पीठ आणि आमसुलं आहेत, ती आईने भरलीत. खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सामान माझं. ते सोडायच्या आधी हे पत्र वाच. फोनवर सगळं सांगता आलं असतं, पण फोनवर तू "हो बाबा, हो बाबा" करतेस आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाऊन उभी राहतेस.

गॅरेजवाला म्हणतो स्कूटरची पूर्ण वायरिंग बदला, साडेतीन हजार होतील, दोन दिवस गाडी ठेवा. नाही म्हणून सांग. तो फसवतोय असं मी म्हणत नाही. त्याला दिवसाला वीस गाड्या करायच्या असतात, एका वायरीमागे तासभर बसणं त्याला परवडत नाही. तुला परवडतं, रविवार आहे. आणि आख्खी वायरिंग एकदम खराब होतेय कशाला? कुठेतरी एका टोकाला बिघडलेलं असतं.

तू तीन तक्रारी सांगितल्यास. सिग्नलला थांबलं की हेडलाइट बारीक होतो, सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं, आणि ब्रेक दाबला की चारी इंडिकेटर मिणमिणतात. गॅरेजवाल्याने तिन्हींची एकच मोट बांधली, पण तिन्ही वेगळ्या आहेत. पहिल्यात बिघाडच नाही, दुसरीला तू जबाबदार आहेस आणि तिसरीला मी.

हेडलाइटचं आधी उरकतो. आपली गाडी २०१६ची. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइट कायम पेटता ठेवायचा नियम आला, त्याच्या आधीची. म्हणून तर तुझ्या हँडलला दिव्याचं बटण आहे आणि मैत्रिणीच्या गाडीला नाही. आपल्या गाडीत हेडलाइटचा करंट बॅटरीतून येत नाही, इंजिन फिरताना जी वीज तयार होते तिच्यावर तो थेट चालतो. इंजिन हळू, दिवा बारीक. अ‍ॅक्सिलरेटर दिला की मोठा. इंजिन बंद असताना पेटणारच नाही. माझ्या पहिल्या टू-स्ट्रोक स्कूटरला तर बॅटरीच नव्हती, कुंभार्ली घाटात वळणावर गाडी हळू केली की रस्ता दिसेनासा व्हायचा आणि आम्ही क्लच दाबून उगाच रेस करायचो. तेव्हा यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. त्यावर उपाय म्हणून पांढराशुभ्र एलईडी बल्बही बसवू नकोस. आपला रिफ्लेक्टर ३५/३५ वॉटच्या हॅलोजनसाठी घडवलाय, त्यात दुसरं काही घातलं की उजेड रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता सेल्फ. तू हँडलला मोबाइलचा चार्जर बसवून घेतलास, त्याची वायर सरळ बॅटरीला लावलीय ना? चावी बंद केली तरी तो थोडा करंट पीतच राहतो. समज २० मिलिअँपिअर. आपली बॅटरी ४ अँपिअर-अवरची. भाग दे, दोनशे तास आले, म्हणजे आठ-साडेआठ दिवसांत बॅटरी पूर्ण रिकामी. तू शिमग्याला दहा दिवस इथे होतीस तेव्हा गाडी तिकडे उभीच होती. शिवाय ऑफिस दोन किलोमीटरवर. एकदा सेल्फ मारायला जेवढं खर्च होतं तेवढं एवढ्याशा फेरीत धड भरून निघेलच असं नाही. चार्जरची वायर काढून टाक, किंवा चावी बंद केल्यावर करंट तुटेल अशी जोडून घे. सकाळी किक मार. किक शोभेला दिलेली नाही.

खोक्यात पिवळा मल्टिमीटर आहे. गोल बटण डीसी २० व्होल्टवर ठेव, काळी दांडी बॅटरीच्या मायनसला, लाल प्लसला. गाडी सुरू करायच्या आधी सकाळी १२.६ च्या आसपास दिसलं तर बॅटरी भरलेली. १२ च्या खाली गेलं तर उपाशी. सेल्फ दाबून धरलास की आकडा खाली येतो, ते चालेल, पण साडेनऊच्याही खाली कोसळला तर ती बॅटरी संपत आलीय. मग किक मारून गाडी चालू कर, थोडं अ‍ॅक्सिलरेटर दे, साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. तेवढं दिसलं की चार्जिंग ठीक आहे. पंधराच्या वर जाऊ लागलं तर व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर गेला, मग बल्ब एकामागून एक उडत राहतात आणि माणूस बल्बला शिव्या देत बसतो. लाल दांडी '१० ए' लिहिलेल्या भोकात घालू नकोस हं. तसं करून बॅटरीला लावलीस तर मीटरही जाईल आणि ठिणगी उडेल.

सेल्फला 'टक्' सुद्धा झालं नाही, अगदी चिडीचूप, तर बॅटरीच्या मागे लागायच्या आधी ब्रेक दाबून मागचा लाल दिवा पेटतो का बघ. आपल्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतं ते लिव्हरच्या बुडाशी असलेल्या बोटाच्या पेराएवढ्या स्विचमुळे. तो स्विच अडकला की दिवा नाही आणि सेल्फही नाही. दुसऱ्या हाताचा ब्रेक दाबून सेल्फ लागला, तर दोष कुठे ते शोधायला मीटरही लागत नाही.

आता तिसरं, माझं.

२२ जुलै २०२१ तुला आठवतच असेल. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, डेपोतल्या बस बुडाल्या, आणि आपली स्कूटर खालच्या पडवीत हँडलपर्यंत पाण्यात होती. चिखल उतरल्यावर मी ती आठ दिवस खोलून बसलो होतो. ऑइल तीन वेळा बदललं, एकूण एक कपलर, म्हणजे वायरींचा प्लास्टिकचा जोड, सोडवला, धुतला, वाळवला. एक सोडून. मागच्या दिव्याचा कपलर डिकीच्या खाली, पॅनेलच्या आत आहे, आणि त्या पॅनेलचा डावीकडचा स्क्रू गंजलेला होता. जोर लावला तर त्याचं डोकं गेलं. बाकी दिवे पेटत होते, मी म्हटलं असू दे. त्या 'असू दे'मुळे आज तुझे इंडिकेटर मिणमिणतायत.

कसं ते सांगतो. मागच्या दिव्यात, बल्बच्या आत तापून उजेड देणाऱ्या दोन तारा, ब्रेकची २१ वॉटची आणि टेलची ५ वॉटची, आणि दोन बाजूंचे दोन इंडिकेटर आहेत. करंट आणणारी वायर प्रत्येकाची वेगळी, पण परत जायची वायर सगळ्यांना मिळून एकच, ती हिरवी. ती म्हणजे अर्थ. कपलरमध्ये तिच्या पिनेवर गंज चढला की ब्रेकचा करंट येतो आणि परतीच्या वाटेवर अडतो. मग तो मिळेल त्या वाटेने सुटतो. मागच्या इंडिकेटरच्या तारेत उलटा शिरतो, तिथून वायरीने पुढच्या इंडिकेटरला जातो आणि पुढच्या अर्थला पोचतो. जाता जाता चौघांना थोडं थोडं पेटवतो. आणि ब्रेकचा दिवा, जो पेटायला हवा, तो मात्र मंद. तू ब्रेकच्या दिव्याबद्दल काही बोलली नाहीस, कारण तो तुझ्या पाठीमागे आहे. मागून ट्रक येत असतो तेव्हा मला याची काळजी वाटते, इंडिकेटरची नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. डेपोला लागलो त्या पहिल्याच वर्षी रातराणीच्या एका गाडीचे मागचे दिवे असेच वेड्यासारखे वागत होते. मी बल्ब बदलले, फ्लॅशर बदलला, स्विच बदलला, तीन तास गेले, प्रवासी बोंबलायला लागले. हेड मिस्त्री चहा संपवून आले. दिव्याचा एक स्क्रू सैल केला, खिशातल्या पाकिटातून दाढीचं ब्लेड काढलं, स्क्रूखालचा रंग चार बोटं खरवडला, पत्रा चकचकीत दिसल्यावर स्क्रू आवळला. सगळं जागेवर. गाडी नुकतीच रंगवून आली होती आणि करंट पत्र्यातून परत जातो त्या अर्थच्या जागेवरही रंगाऱ्याने ब्रश फिरवला होता. मला ते एक अक्षर बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तर उद्या असं कर. चावी ऑन, इंजिन बंद. ब्रेकच्या लिव्हरला केसांचा रबर गुंडाळ म्हणजे दाबलेला राहील. मीटरची काळी दांडी बॅटरीच्या मायनसला, लाल दांडी मागच्या बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला टेकव. अर्थ चांगली असेल तर आकडा शून्याला चिकटून राहील. दोन, तीन, चार व्होल्ट दिसले तर माझं म्हणणं खरं. खात्री करायला खोक्यात चिमटे लावलेली लांब हिरवी वायर ठेवलीय. तिचं एक टोक होल्डरच्या पत्र्याला, दुसरं बॅटरीच्या मायनसला लाव. ब्रेकचा दिवा लख्ख होईल आणि इंडिकेटर गप्प बसतील. तेवढं झालं की वायरिंगचे साडेतीन हजार वाचले.

सोबत दोन वायरींचा छोटा बल्बही आहे, तो टेस्ट लॅम्प, करंट पोचतोय का ते पेटून दाखवतो. डेपोतला माझा जुना तुला पाठवणार होतो, पण बस २४ व्होल्टची, तिचा बल्ब स्कूटरवर मरगळल्यासारखा पेटेल आणि नसलेला दोष दाखवेल. म्हणून १२ व्होल्टचा नवा बनवला.

कपलर सोडवायच्या आधी बॅटरीची मायनस वायर काढ. आधी मायनसच. प्लस आधी सोडायला गेलीस आणि पाना बॉडीला टेकला तर शॉर्ट होईल. कपलर प्लास्टिकला धरून, लॉक दाबून ओढ, वायरीला धरून नको. आत हिरवट पावडर असेल. पॉलिश पेपरची घडी करून पिना घास, भोक सैल झालेल्या पिना टाचणीने किंचित आवळ, व्हॅसलिन लाव. कपलरमधली हिरवी वायर टोकाला थोडी सोलून बघ. आतलं तांबं काळं पडलं असेल तर ते घासून उपयोग नाही, पुराचं पाणी वायरीच्या पोटात चढलंय. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे काप. तेवढं जोडकाम कुणाकडूनही करून घे, त्याचे पन्नास रुपये खुशाल दे.

हे करताना फ्यूज उडाला तर बॉक्सच्या झाकणावर लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा घाल, दोन जास्तीचे ठेवलेत. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून देणारा मिस्त्री भेटला तर तिथून निघ. फ्यूज उडतो म्हणून वायर जळत नाही.

आणि तो डोकं गेलेला स्क्रू. त्याच्यावर रुंद रबरबँड ताणून धर, वरून स्क्रू-ड्रायव्हर दाबून हळू फिरव, बहुतेक सुटेल. नवा स्क्रू कागदाच्या पुडीत आहे. नाहीच सुटला तर जबरदस्ती करू नकोस, चिमट्यांची हिरवी वायर तात्पुरती लावून ठेव, गणपती झाले की मी येतो. मीटरवर किती दिसलं ते मात्र उद्याच कळव. आकडा लिहून पाठव, फोटो नको. मागच्या वेळी फोटोत नुसता तुझा अंगठा आला होता.

तुझा,
बाबा

ता. क. – आमसुलं फ्रिजमध्ये ठेवू नकोस, असं आई तिसऱ्यांदा सांगतेय.