मे महिन्यात या आमच्याकडे!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला अंगाच्या उबेवर मोबाइल चार्ज करायचा लेख वाचला. कार्बन नॅनोट्यूबचं, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचं, कापड अंगात घातलं की वीज तयार! लेखकमहाशयांचं अभिनंदन. फक्त ते कोणत्या महिन्यात घालायचं, तेवढं लिहायचं राहिलं.

वीज उष्णतेची होत नाही, दोन बाजूंच्या तापमानातल्या फरकाची होते. सीबेक या जर्मन शास्त्रज्ञाला हा परिणाम १८२१ मध्येच दिसला होता. मला तो चुलीने दाखवला. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. एकदा ऑनलाइन बिस्मथ टेल्युराइडची, म्हणजे अशा फरकातून वीज देणाऱ्या पदार्थाची, काडेपेटीएवढी पट्टी मागवली. एक बाजू चुलीच्या पत्र्याला लावली, दुसऱ्या बाजूला गार पाण्याचा स्टीलचा डबा टेकवला. पऱ्हाट्या पेटल्या आणि लाल एलईडी लागला! शेजारची पोरं धावत आली. पण पाणी तापत गेलं तसा दिवा मिणमिणायला लागला. जाळ तेवढाच, फरक आटला. सौ. म्हणाली, ‘‘अवं, एवढ्यात चहा झाला असता. हे काय लावून रायले चुलीले?’’

दुसऱ्या दिवशी पट्टी ओट्यावरून पडली आणि उभी चिरली. नॅनोट्यूबचं कापड असं तडकत नाही, वाकतं, गुंडाळता येतं. खरी करामत ही आहे, आणि नेमकी तीच लेखात एका ओळीत उरकली.

आता हिशेब. अशा कापडाचा एक तुकडा एका अंशाच्या फरकाला ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास देतो. १० अंशांचा फरक धरला तर अर्धा मिलिव्होल्ट. मोबाइलला ५ व्होल्ट लागतात, म्हणजे १०,००० तुकडे एकापुढे एक जोडत बसा. त्यात कापड पातळ, घटकाभरात दोन्ही बाजू सारख्याच तापणार. मग ते १० अंश आणायचे कुठून? एखादं छोटं सेन्सर चालेल. तेही थोडं नाही, पण मग तसं लिहा ना.

आणि आमच्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, अंग ३७ वर. इथे उष्णता बाहेरून आत येते साहेब! प्लसचं मायनस होईल. लेखकांनी दुपारी दोन वाजता ते कापड घालून आमच्या स्टँडवर उभं राहावं, रसवंतीवाल्याला मी सांगून ठेवतो. पुण्या-मुंबईच्या एसीत बसून ‘ग्रामीण भागासाठी वरदान’ लिहायला काय जातं? आमच्या कृषिपंपाला वीज रात्री येते. अंगात कापड घालून हरभऱ्याला पाणी देता येईल का, तेही एकदा छापा.

जाता जाता, तुमची ही पुरवणी आमच्या गावात अंकासोबत येतच नाही. महिन्याचं बिल मात्र पुरवणीसकट. हा लेखसुद्धा मी सोमवारी कटिंगच्या दुकानात, अर्धा फाटलेला वाचला.

– एक वर्गणीदार, ता. घाटंजी, जि. यवतमाळ