‘मोफत पाणी तपासणी’च्या नावाखाली झालेल्या दिशाभुलीबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : दिशाभूल करून विकलेले आरओ यंत्र परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत

महोदय / महोदया,

माझी आई पुण्यात सदाशिव पेठेत एकटी राहते. वय ७८. मागच्या महिन्यात आपला प्रतिनिधी तिच्याकडे ‘मोफत पाणी तपासणी’साठी आला आणि जाताना सतरा हजारांच्या आरओ यंत्राची ऑर्डर घेऊन गेला. यंत्र नीट चालतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. ते ज्या तऱ्हेनं तिच्या गळ्यात मारलं, त्याबद्दल ही तक्रार आहे.

त्यानं ओट्यावर दोन ग्लास ठेवले. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात सोबत आणलेलं आरओचं. दोन्हींत विजेवर चालणाऱ्या उपकरणाच्या सळ्या बुडवल्या आणि बटण दाबलं. नळाचं पाणी बघता बघता हिरवट, मग काळपट, मग गंजाच्या रंगाचं झालं. वर फेस, तळाशी गाळ. दुसरा ग्लास तसाच नितळ. “आजी, हे रोज पिताय तुम्ही,” असं तो म्हणाला. नातवंडांना इतकी वर्षं हेच पाजलं, म्हणून आई त्या रात्री फोनवर रडली.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्या ग्लासात दिसलेली घाण पाण्यात नव्हतीच, ती सळ्यांमधून आली. विरघळलेल्या क्षारांमुळे नळाच्या पाण्यातून वीज वाहते. ती वाहू लागली की लोखंडी सळईतलं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा साका होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत, म्हणून त्यातून वीज फारशी वाहत नाही आणि रंगही येत नाही. मी घरी गेल्यावर दोन खिळे आणि एक बॅटरी घेऊन आईसमोर हाच प्रयोग केला, पण आपल्याच यंत्रातल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून. थोड्या वेळात तेही तपकिरी झालं. आईनं खिळे हातात घेऊन पाहिले; एकावर खड्डे पडले होते. तेव्हा कुठे तिला पटलं.

दुसरं, टीडीएस मीटर. त्यावर शंभराच्या आतला आकडा आला होता, आणि तोही प्रतिनिधीनं ‘अशुद्धी’ म्हणून सांगितला. हा मीटर पाण्याची वीजवाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. जंतू त्याला कळत नाहीत, कीटकनाशकंही नाहीत. जुलाबात जीव वाचवणारं ओआरएसचं पाणी त्यात धरलं तर आकडा हजारांत जाईल. उलट पटकीचे जंतू असलेल्या, पण क्षार नसलेल्या पाण्याचा आकडा वीससुद्धा येऊ शकतो. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले घटक (म्हणजेच टीडीएस) चालतात. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळातच कमी क्षारांचं आहे. ५०० च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नये, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१९ मध्येच सांगितलं होतं.

आरओशी माझं वैर नाही. माझं सासर दर्यापूरचं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या त्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. उकळून जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. तिथे हे तंत्र खरोखर उपयोगाचं आहे. आईच्या पाण्यात जंतूंची शंका असेलच, तर उकळून घेतलं तरी पुरे, नाहीतर अतिनील किरणांनी जंतू मारणारा साधा यूव्ही फिल्टर आहे. आरओनं मात्र कॅल्शियम, मॅग्नेशियम जातं, आणि यंत्रातच आरओच्या आधी असलेल्या कार्बन फिल्टरमध्ये महापालिकेनं घातलेलं क्लोरिनही जातं. मग यंत्राची टाकी वेळच्या वेळी धुतली नाही, तर साठवलेल्या पाण्यातच जंतू वाढू शकतात. हे तिला कुणी सांगितलं नाही.

आणि सांडपाणी! आम्ही नळीखाली बादली लावून पाहिली. एक हंडा भरेपर्यंत जवळजवळ तीन हंडे पाणी बाहेर पडलं. इमारतीत पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं. आई आता ते पाणी भांडी घासायला आणि संडासला वापरते, ७८ व्या वर्षी बादल्या उचलून.

यंत्र परत न्यावं आणि बसवण्याच्या खर्चासह पूर्ण रक्कम तिच्या खात्यावर जमा करावी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा सळ्यांचा प्रयोग आपल्या सर्व प्रतिनिधींनी बंद करावा, तशी लेखी सूचना त्यांना द्यावी आणि तिची प्रत मला पाठवावी. हे उपकरण प्रतिनिधीनं स्वतःहून बाळगलं की कंपनीनं दिलं, याचंही उत्तर हवं. त्या पोराला नोकरीवरून काढावं असं मी मुळीच म्हणत नाही. त्याला जे शिकवलं तेच त्यानं केलं असावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापारी प्रथेची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाखल करीन. बिलाची प्रत आणि खिळ्यांच्या प्रयोगाची छायाचित्रं सोबत जोडली आहेत.

आपली,
ग्राहकाची मुलगी
पुणे