क्षेत्रकार्याचा खर्च कोणी सोसायचा?

संपादक महोदय,

माझी मुलगी समाजकार्य पदवीच्या (बी.एस.डब्ल्यू.) दुसऱ्या वर्षाला आहे. ‘समाजसेवा करायला पदवी कशाला हवी?’ हा प्रश्न नातेवाइकांकडून अजूनही ऐकावा लागतो. वास्तविक, या विषयाचे व्यावसायिक शिक्षण देणारी देशातील पहिली संस्था, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, मुंबईतच १९३६ मध्ये सुरू झाली.

परंतु पत्राचे कारण वेगळे आहे. या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे क्षेत्रकार्य. आठवड्यातील ठरावीक दिवशी वस्तीत, शाळेत, रुग्णालयात किंवा एखाद्या संस्थेत जाऊन व्यक्तीसोबत, गटासोबत आणि समुदायासोबत काम करायचे, त्याचा सविस्तर अहवाल लिहायचा आणि तो पर्यवेक्षक प्राध्यापकांसमोर तपासून घ्यायचा, असा हा क्रम वर्षभर चालतो. वर्गात ऐकलेले इथेच कसाला लागते, त्यामुळे त्याला कात्री लावावी असे मी म्हणणार नाही. मात्र एसटी, रिक्षा, झेरॉक्स आणि दुपारचा डबा चुकला तर बाहेरचे खाणे, हा सारा खर्च विद्यार्थ्यांच्याच माथी येतो. मुलीच्या वर्गात शेतमजुरांची मुले आहेत. त्यांतील काहींनी केवळ भाडे वाचवण्यासाठी जवळची, पण आवडीची नसलेली संस्था निवडली. (दिवसभर इतरांना शासकीय योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या मुलांनी स्वतः मात्र उसनवारीने तिकीट काढावे, हे विचित्रच.)

विद्यापीठांनी क्षेत्रकार्यासाठी प्रवासभत्ता द्यावा, निदान महाविद्यालयाइतकीच क्षेत्रकार्याची जागाही एसटीच्या सवलतीच्या पासात समाविष्ट व्हावी, ही विनंती.

– एक पालक, यवतमाळ