गाडी दिव्यांग मालकाची, विम्यातून वगळलेलाही तोच

महोदय,

माझी मोठी बहीण व्हीलचेअर वापरते. गाडी तिच्या नावावर आहे, पण ती चालवू शकत नाही आणि तिच्याकडे लायसन्सही नाही. तिला ने-आण करणारे आम्ही चौघे आहोत: मी, माझी मुलगी, आठवड्यातून तीन दिवस येणारा पगारी ड्रायव्हर आणि अडीअडचणीला तिची देखभाल करणाऱ्या बाई. अशा गाडीचा विमा कसा काढायचा, या प्रश्नात गेली काही वर्षे मी बराच खोल शिरलो आहे. त्यात जे सापडले ते अशाच इतर घरांना कळावे म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज. चौघांची नावे पॉलिसीत घालावी लागतील, असे आम्हाला एकाने ठामपणे सांगितले होते. तसे नाही. आपल्याकडे खासगी मोटारीचा विमा गाडीचा असतो. अपघाताच्या वेळी ज्याच्याकडे त्या प्रकारच्या वाहनाचे चालू लायसन्स आहे आणि ज्याला वाहन चालवण्यास बंदी केलेली नाही, असा कोणीही मालकाच्या परवानगीने चालवत असला तरी पॉलिसी लागू होते. उद्या पाचवा मदतनीस आला तरी कंपनीला कळवण्याची गरज नाही. लायसन्सच्या तारखा मात्र डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात. पूर्वी मुदत संपल्यावर ३० दिवस लायसन्स ग्राह्य धरले जाई. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ती सूट गेली. चौघांपैकी एकाचे लायसन्स संपलेले असेल आणि नेमका त्याच्याच हातून अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जाऊ शकतो. समोरच्या जखमी माणसाला कंपनीने दिलेली भरपाईसुद्धा मग बहिणीकडून वसूल होऊ शकते. आमच्याकडे चौघांच्या लायसन्सच्या झेरॉक्स एका फाइलमध्ये असतात आणि मुदतीच्या तारखा कॅलेंडरवर लिहिलेल्या असतात.

पगारी ड्रायव्हरचा प्रश्न वेगळा आहे. गाडी चालवताना त्याला इजा झाली तर मालक म्हणून जबाबदारी बहिणीची. त्यासाठी ‘पगारी चालकाप्रति कायदेशीर जबाबदारी’ हे वाढीव कलम घेता येते. त्याचा हप्ता इतका किरकोळ आहे की तो टाळण्याचे मला काहीच कारण दिसत नाही. आणि एखादा मदतनीस स्वतःच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन नेत असेल, तर ते भाड्याने वाहतूक करणे ठरते आणि त्याची खासगी पॉलिसी तिथे उपयोगी पडत नाही. पेट्रोलच्या पैशांवर कोणी असा शेजारधर्म पाळत असेल, तर त्याने आपल्या कंपनीला आधीच विचारून घ्यावे.

आता ज्यासाठी मी पत्र लिहायला बसलो, ती गोष्ट.

गाडीच्या मालकासाठी सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते आणि २०१८ पासून त्याची रक्कम १५ लाख रुपये आहे. पण ते आहे ‘मालक-चालका’साठी. मालकाकडे स्वतःचे चालू लायसन्स नसेल तर ते मिळतच नाही. म्हणजे माझी बहीण तिथे बसत नाही. मग मागच्या सीटवर बसलेली प्रवासी म्हणून तरी तिला भरपाई मिळेल, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. परंतु थर्ड पार्टी विमा हा मालकाची इतरांप्रति असलेली जबाबदारी भरून काढतो आणि मालक स्वतःच्याच पॉलिसीत ‘इतर’ ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, स्वतःच्या जीपमधून प्रवास करताना जखमी झालेल्या मालकाच्या प्रकरणात हेच सांगितले आहे. याउलट हीच गाडी माझ्या नावावर असती, तर पॅकेज पॉलिसीत (गाडीचे नुकसान आणि इतरांप्रति जबाबदारी, दोन्ही धरणाऱ्या विम्यात) बहीण प्रवासी म्हणून संरक्षित झाली असती. दिव्यांगांसाठीच्या वाहन सवलती मिळाव्यात म्हणून आम्ही गाडी तिच्या नावे घेतली आणि त्यामुळेच आमच्या गाडीत सर्वांत कमी संरक्षण तिला राहिले. हे कळले त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण तोपर्यंत तीन वर्षे आम्ही तिला तशीच फिरवत होतो.

‘अनामिक प्रवाशांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या अपघात संरक्षणावरही विसंबू नये. मोटार टॅरिफमधील (मोटार विम्याच्या अटी आणि दरांच्या नियमावलीतील) त्या कलमातून, म्हणजे आयएमटी (इंडिया मोटार टॅरिफ) १६ मधून, विमाधारक स्वतः वगळलेला आहे. तिच्यासाठी हवे ते आयएमटी १५, ज्यात विमाधारकाचे किंवा एखाद्या व्यक्तीचे नाव घालून संरक्षण घेता येते. आमच्या एजंटाने आधी १६ च लावले होते, दुरुस्ती मी मागून करून घेतली. तरी टॅरिफप्रमाणे त्याची कमाल मर्यादा दोन लाख. चालवणाऱ्या मालकाला पंधरा आणि चालवू न शकणाऱ्या मालकाला दोन! शेवटी आम्ही तिच्यासाठी मोटार विम्याबाहेर वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी काढली. तिथेही आधीपासूनच्या अपंगत्वाबद्दल पानभर प्रश्न होतेच.

नो क्लेम बोनसचेही, म्हणजे वर्षभर क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचेही, असेच. तो मालकाच्या नावे साठतो: पहिल्या वर्षी २० टक्के, पाच वर्षांनी ५०. गेल्या वर्षी गाडी मागे घेताना एका खांबावर आदळली, आम्ही क्लेम केला आणि स्टिअरिंगला कधी हातही न लावलेल्या बहिणीचा ३५ टक्के बोनस गेला. आता किरकोळ खरचटले तर ज्याच्या हातून झाले तो खर्च देतो, असे आम्ही चौघांनी ठरवले आहे.

गाडीत फिरते आसन किंवा रॅम्प बसवला असेल, तर आरटीओकडून आरसीवर त्याची नोंद करून घ्यावी आणि कंपनीलाही लेखी कळवावे. दिव्यांगांसाठी खास बदल केलेल्या व तशी नोंद असलेल्या वाहनाला टॅरिफमध्ये गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर ५० टक्के सूट आहे. ती मागावी लागते, आपणहून कोणी देत नाही.

विमा नियामक प्राधिकरणाकडे माझी मागणी एवढीच आहे की, लायसन्स नसलेल्या दिव्यांग मालकालाही आपल्या गाडीतून प्रवास करताना तेच १५ लाखांचे संरक्षण मिळावे, गाडी कोणीही चालवत असो. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये वाहन नोंदणीच्या अर्जात मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ ही नोंद आलेली आहे, तीच विमा कंपन्यांनी वाचायची. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये परवडणाऱ्या खर्चात वैयक्तिक संचार शक्य व्हावा म्हणून योजना आखण्याची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. तोपर्यंत, ज्यांच्या घरात अशी गाडी आहे त्यांनी आजच पॉलिसी काढून तिच्यात आयएमटी १५ आहे की १६, एवढे तरी पाहावे.

आपला विश्वासू,
एका दिव्यांग बहिणीचा भाऊ