तुझी कॅसेट अजून माझ्याकडेच आहे

प्रिय दोस्ता,

मेसेजच टाकणार होतो, तीनदा टाईप केलं आणि तीनदा खोडलं, कारण चार ओळीत बसणारं नाहीये हे. म्हणून सरळ पत्र लिहितोय, कॉलेजनंतर पहिल्यांदाच. निवांत वेळ असेल तेव्हा वाच.

राईड झाली. ३०० किलोमीटर, पहिल्या दिवशी १७० आणि दुसऱ्या दिवशी १३०. पाय अजून जड आहेत, डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट थोडं बधिर आहे (हँडलबारवर तासन्‌तास वजन पडलं की तिथली नस दाबली जाते, जाईल काही दिवसांत) पण मी ठीक आहे. ठीक काय, खूप बरा आहे.

तुला फोनवर एवढंच सांगितलं होतं की आमच्या कुमार गंधर्वांचं गाणं ऐकणाऱ्या ग्रुपने सायकल राईड काढलीये, टीबी पेशंटच्या पोषण किटसाठी पैसे गोळा करायला. तू "अरे वा" म्हणालास आणि विषय बदललास. का बदललास ते मला कळलं आणि मीही पुढे बोललो नाही.

ग्रुप कसा आहे ते आधी सांगतो. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, जुनं रेकॉर्डिंग लावायचं आणि गप्प बसून ऐकायचं, बास. पंधरा-वीस डोकी. त्यात एक रिटायर्ड अकाउंटंट काका, एक तबला शिकवणारा, दोन नर्सेस, एक कॉलेजची पोरगी जी मोबाईलवर कुमारांच्या निर्गुणी भजनांपासून सुरू झाली आणि आता आम्हालाच राग विचारते. सायकल चालवणारे त्यात आम्ही फक्त चार. तर जानेवारीत १२ तारखेच्या आसपास, म्हणजे कुमार गेले त्या तारखेला (१९९२), आम्ही दरवर्षी जरा मोठी बैठक करतो. मागच्या बैठकीत बोलता बोलता त्यांच्या आजारपणाचा विषय निघाला. तुला हे सगळं माहितीये, तूच मला सांगितलंस. लग्न करून १९४७ नंतर देवासला गेले आणि टीबीने आडवे झाले, डॉक्टरांनी सांगितलं आता गाणं विसरा. वर्षानुवर्षं खाटेवर पडून, गाणं बंद, पण कान चालू, बाहेरून जाणारे गाणारे, पाखरं, वारा, माळव्यातल्या बायकांची गाणी, सगळं आत साठवत होते. मग स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, आणि १९५३ मध्ये परत मैफल.

नर्सताई म्हणाली, ते औषध दहा वर्षं उशिरा आलं असतं तर आपण आज इथे जमलोच नसतो. औषधाचा शोध १९४३ चा, अमेरिकेत मातीतल्या जंतूपासून काढलेलं, म्हणजे कुमारांच्या आजारपणापेक्षा चार-पाच वर्षंच जुनं. एवढ्या थोडक्यात आपलं सगळं ऐकणं वाचलंय यार. त्या रात्री झोप नाही आली मला.

आणि मग तीच म्हणाली की आज औषध आहे, बहुतेक पेशंट सहा महिन्यांत बरा होतो, तरी २०२३ मध्ये जगभरात साडेबारा लाख माणसं टीबीने गेली. माणूस औषध घेतो पण पोटात काही नसतं, वजन वाढत नाही, मध्येच सोडतो. झारखंडमध्ये एक मोठा अभ्यास झाला होता, २०२३ ला आला, पेशंटच्या घरच्यांना नीट पोषण दिलं तर त्यांच्यात नवीन टीबी होण्याचं प्रमाण जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे घरच्यांना खाऊ घातलं तर ते आजारीच कमी पडतात. मी ऐकत होतो आणि मला सारखा तू दिसत होतास, हॉस्टेलच्या खोलीत, हाडं वर आलेला, शर्ट खांद्यावरून घसरणारा.

तर राईड ठरली. पर किलोमीटर कुणी किती द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. अकाउंटंट काका पहिल्याच दिवशी आडवे आले, की पैसा आपल्या कुणाच्याही खात्यात येणार नाही, थेट संस्थेच्या खात्यात, पावती देणाऱ्याच्या नावाने, आणि आधी कागद मग सायकल. आम्हाला वाटलं काका फार ताणतायत. तेव्हा त्यांनी १९७१ ची गोष्ट सांगितली, रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला केलेली मैफल. जगात एवढी गाजली, पण टॅक्स माफीची व्यवस्था आधी केलेली नव्हती म्हणून नंतर आलेला बराच पैसा वर्षानुवर्षं अडकून पडला. ज्याच्यासाठी गायलात त्याला वेळेवर मिळालं नाही तर काय उपयोग, असं काका म्हणाले. मग काय, दोन महिने कागदातच गेले. आज वाटतं ते दोन महिने राईडपेक्षा महत्त्वाचे होते.

तयारी मी चार महिने केली. आधी ४० मग ६० मग १००, दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं, एकदम उडी मारली की गुडघा धरतो. इअरफोन अजिबात नाही. रस्त्यावर कान उघडेच पाहिजेत, मागून येणारा ट्रक आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. लोकांना वाटतं गाण्याची राईड म्हणजे कानात गाणं. नाही रे, पूर्ण दोन दिवस एक सूर वाजला नाही. सगळं डोक्यात. सपाट रस्त्यावर कॅडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, ८०-८५ ला बसला की पायाची आपोआप लय होते, मी सोळा पेडल मोजायचो आणि समेवर, म्हणजे परत पहिल्या मात्रेला आलो की, बाटलीतला एक घोट, असं तासभर चाललं तरी कळायचं नाही. तबलेवाला माझ्या मागेच होता, तो ओरडून सांगायचा सम चुकली, सम चुकली.

पहिल्या दिवशी दुपारी समोरून वारा. चौघं एकामागे एक लागलो, पुढचा वारा कापतो आणि मागच्याला बरीच ताकद कमी लागते, दर पाच मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन शेपटीला. पण तिसऱ्या तासाला मी पुढे गेलो की स्पीड पडायला लागला. तर ती कॉलेजची पोरगी, वयाने निम्मी, काही न बोलता माझी पाळी स्वतः घ्यायला लागली. सलग तीन वेळा. मी थँक्यू म्हणालो तर म्हणते काका बोलू नका, श्वास ठेवा.

आणि मग चढ. मला तुला खरं हे सांगायचंय. नऊ किलोमीटरचा चढ, सगळ्यात खालचा गिअर, आणि साधारण चौथ्या किलोमीटरला श्वास पुरेनासा झाला. बोलायला गेलो तर दोन शब्द निघायचे, मग हवा, मग दोन शब्द. छातीत हवा जातीये पण पोचत नाहीये असं. थांबावं वाटलं. आणि तेव्हा डोक्यात कुमारांचं गाणं आपोआप सुरू झालं, आणि मला पहिल्यांदा कळलं की ते गाणं तसं का आहे. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालेलं. लांब लांब ताना नाहीत, एक छोटा तुकडा, झटकन, विजेसारखा, मग गप्प. मग पुढचा तुकडा. काही लोक म्हणतात हे नुसतं श्वास कमी म्हणून. मला नाही पटत, तो माणूस विचारच तसा करत असणार, पण श्वास कमी पडला म्हणून रडत बसला नाही, ज्या जागेत श्वास घ्यायचा ती जागाच गाण्यात घेतली. आपण सीट धरून बसलेलो असतो की आता पुढचा सूर कुठून येणार. मी तसंच चढलो. सहा पेडल, हवा. सहा पेडल, हवा. वर पोचलो तेव्हा डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि ते वाऱ्याने नव्हतं.

पण दोस्ता, मी फक्त नऊ किलोमीटर तसा श्वास घेतला. तू महिनोन्‌महिने घेत होतास.

वर आमची गाडी उभी होती. गाडी दोन्ही नर्सेस आळीपाळीने चालवत होत्या, मागे पंप, ट्यूब, पाणी, मिठाची पावडर, केळ्यांचा घड. तिथे मला पंक्चर निघालं, बारीक तार टायरमधून आत गेलेली, आणि तबलेवाल्याने ती बोटाच्या टोकाने चाचपून काढली, म्हणाला तबल्याच्या शाईवरची भेग पण मी अशीच शोधतो. मी काहीच केलं नाही, सावलीत बसून राहिलो आणि लोक माझी सायकल नीट करत होते.

रात्री मुक्काम एका रसिकाच्या घरी, ज्यांना आम्ही याआधी कधी भेटलोही नव्हतो. आमच्या ग्रुपमधल्या कुणाच्या तरी ओळखीतून त्यांना कळलं, त्यांनी सगळ्या खोल्या मोकळ्या करून दिल्या आणि शेजारपाजारचे वीसेक लोक ऐकायला बोलावले. आम्ही अंघोळी करून बसलो, रेकॉर्डिंग लागलं, दोघं बसल्या बसल्या झोपले. नंतर त्या घरातल्या आजींनी विचारलं, टीबीच का? बाकी एवढे आजार आहेत.

मी सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही, पण सगळं सांगितलं. माझा रूममेट होता, खोकला जाईना, वजन उतरलं, निदान झालं. आणि मी परीक्षेचं कारण सांगून रूम बदलली. डॉक्टरांनी मला स्वतःला सांगितलं होतं की औषध नीट सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला व्हायची भीती बरीच कमी होते, आणि ताट-वाटी-कपड्यांनी तो पसरतच नाही, हवेतून पसरतो, खिडकी उघडी ठेवा. मला हे माहिती होतं. तरी मी दोन महिने आलो नाही. आणि आलो तेव्हा दारात उभा राहिलो, तू म्हणालास आत ये, खिडकी उघडीच आहे. मग हसलास आणि म्हणालास गोळ्यांनी लघवी केशरी होते, पहिल्या दिवशी मी घाबरून बोंबललो आणि ऐकायला कुणी नव्हतं.

तू ते हसत सांगितलंस. मी आजपर्यंत विसरलो नाही. कुणी नव्हतं कारण मी नव्हतो.

कुमारांची खाट आठव, शेजारी त्यांची बायको भानुमतीबाई होत्या. सेवा पण त्यांनीच केली आणि घर पण त्यांनीच ओढलं. तुझ्या खाटेशेजारी एक टेपरेकॉर्डर होता. बस.

मी सांगून थांबलो तर कुणी काही बोललं नाही. मग त्या आजी म्हणाल्या माझ्या जावेला झाला होता, आम्ही तिचं अंथरूण गोठ्याजवळ टाकलं होतं. मग अजून एकजण बोलला, त्याची बहीण, लग्न ठरत नव्हतं म्हणून आजार लपवला, औषध लपूनछपून. एकेक करत सात-आठ जण. गाणं ऐकायला आलेली माणसं रात्री साडेअकरापर्यंत हेच बोलत बसली. आमच्या नर्सताई एका कोपऱ्यात एकेकाला सांगत होत्या की दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट होते. दोघांनी तिथेच कबूल केलं की घरात असा खोकला आहे. मला वाटतं पैशापेक्षा ते मोठं झालं, पण पैसेही बरे जमले, २२ पेशंटना सहा महिने किट पुरेल एवढे. काकांचा हिशोब पूर्ण आहे, एकेक पावती लावलीये, तुला हवा तर पाठवतो.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या थांब्यावर संस्थेच्या दारात एक मुलगी उभी होती, तेरा-चौदा वर्षांची, औषध सुरू होऊन चार महिने झालेले, वजन वाढतंय. तिने मला विचारलं, काका तुम्ही गाणं ऐकत ऐकत आलात का? मी म्हटलं नाही, आठवत आठवत आलो. ती म्हणाली, मग मला पण आठवायला एक द्या की. मी मोबाईल काढला आणि तुझ्या त्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला पहिली जी बंदिश आहे ती लावली. ती भिंतीला टेकून पूर्ण ऐकत बसली, मी पण तिच्या शेजारी तसाच बसलो, घामाने भिजलेला.

ती कॅसेट तू बरा होऊन घरी जाताना माझ्या हातात दिली होतीस, म्हणाला होतास नीट ऐक, घाईत ऐकू नको. तुझ्यामुळे मी कुमार ऐकायला लागलो आणि मी तुला ती परत केली नाही. इतकी वर्षं झाली.

मला माफ कर असं फोनवर बोलता येत नाही म्हणून इथे लिहितोय. माफ कर. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

पुढच्या जानेवारीत परत काढायची ठरलीये, याच रस्त्याने, त्या आजींनी आत्ताच तारीख मागितलीये. तुला सायकल चालवायची गरज नाही. गाडीत पुढच्या सीटवर एक जागा लागते, चढावर बाटल्या भरून द्यायला आणि रात्री काय लावायचं ते ठरवायला, आणि ते ठरवणं आमच्यात कुणालाच तुझ्याइतकं जमत नाही. ये. कॅसेट घेऊन येतो मी, फीत एका जागी सुरकुतलीये पण वाजते.

तुझाच