ताई, तो नंबर सापडला त्या रात्रीबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, तशी तुमचीच अट आहे. "आभार मानायचेच असतील तर असं लिहा, की पुढच्या घराला रात्रभर हुडकत बसावं लागणार नाही," असं तुम्ही म्हणाला होता. म्हणून हे पत्र सगळ्यांसाठी उघडं ठेवतोय.

त्या रविवारी आम्हाला एवढंच माहीत होतं, की धाकटा कॅलिफोर्नियात कुठल्या तरी तुरुंगात आहे. शुक्रवारी रात्री गाडीचा अपघात झाला, तो प्यालेला होता, समोरच्या गाडीतल्या माणसाला दुखापत झाली. रूममेटने फोनवर सांगितलं ते इतकंच. भावाचा स्वतःचा फोन आला नाही, याचा आईने धसका घेतला होता. तो बोलण्याच्या अवस्थेत नसेल, असंच तिने धरलं होतं. खरं कारण तुम्ही सांगितलंत. तिथल्या कायद्याने अटकेनंतर साधारण तीन तासांत तीन फोन करता येतात, पण फुकट असतात ते फक्त स्थानिक. मोबाइल जमा झालेला. त्याला तोंडपाठ नंबर एकच, कोल्हापूरच्या घरचा. तो लागणार कसा? एवढं कळल्यावर आई दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवली.

आमचे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, तुमच्याकडे सकाळचे अकरा. वर्गमित्राच्या बहिणीकडून तुमचा नंबर मिळाला होता. आमची ओळख ना पाळख, आणि विषय हा असा. त्याने काय केलं, हे तुम्ही विचारलं नाहीत. तुमचा पहिला प्रश्न होता, "पासपोर्टवर नाव कसं आहे? एकेक अक्षर सांगा."

तोवर आम्ही काय काय केलं होतं! एका खाजगी वेबसाइटला कैद्याची माहिती मिळेल म्हणून भावोजींच्या कार्डावरून पैसे भरले, तर तिने आमच्याच आडनावाचा, भलत्याच राज्यातला माणूस दाखवला. शेरिफ म्हणजे तिथल्या काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. त्याच्या कार्यालयाच्या वेबसाइटवर कैदी शोधणं फुकट असतं, हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. अटक झालेल्याचं नाव, त्याच्यावरचे आरोप, जामिनाची रक्कम ही माहिती कॅलिफोर्नियात सार्वजनिक असते, कुणालाही बघता येते. तो शोधही आम्ही नंतर तीनदा करून पाहिला होता. तिन्ही वेळा उत्तर एकच, अशी व्यक्ती नाही.

घोळ कुठे होता ते तुम्ही फोनवरच पकडलंत. त्याचा जन्म ७ मार्चचा. आपण लिहितो तसं मी आधी दिवस, मग महिना टाकला होता. अमेरिकेत महिना आधी. त्यामुळे आम्ही ३ जुलैला जन्मलेला माणूस शोधत होतो. दुसरी गोष्ट, पासपोर्टवर त्याच्या नावाच्या रकान्यात त्याचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं आहेत, आणि तुरुंगाच्या नोंदीत ती जोडून एकच झाली होती. शिवाय आडनावातला एक 'एच' नोंद करताना गळला होता. "पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार अक्षरं आणि नावाची पहिली तीन टाका," तुम्ही म्हणालात. मी टाकली. पानभर नावं आली, आणि सातव्या ओळीत आमचा धाकटा.

"आता बुकिंग नंबर, म्हणजे तुरुंगाच्या नोंदीतला त्याचा क्रमांक, कागदावर लिहून घ्या," तुम्ही म्हणालात. "इथून पुढे नाव चुकलं तरी चालेल, नंबर चुकता कामा नये." तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. खरंच पुढचं सगळं त्या नंबरावर चाललं. वकिलाशी बोलणं, त्याच्या तुरुंगातल्या खात्यावर पैसे भरणं, भेटीची वेळ घेणं, सगळीकडे आधी तोच विचारायचे.

मग तासभर तुम्ही मला शांतपणे एकेक गोष्ट समजावत होता. काउंटीचा तुरुंग म्हणजे बहुतेक आपल्याकडचे कच्चे कैदी आणि थोड्या मुदतीची शिक्षा झालेले लोक. तो शेरिफच्या हाताखाली असतो, आणि मोठ्या शिक्षेचे राज्याचे तुरुंग वेगळे. रविवार आणि सुटी सोडून ४८ तासांत कोर्टापुढे उभं करावंच लागतं, म्हणजे सोमवार किंवा मंगळवार. वकील परवडत नसेल तर सरकारी वकील मिळतो, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६३ च्या निकालापासून तो हक्क आहे. त्याच १९६३ सालच्या व्हिएन्ना कराराप्रमाणे परदेशी माणसाला आपल्या वकिलातीला कळवा म्हणता येतं. पण भारताच्या बाबतीत ते आपोआप होत नाही, त्याने स्वतः मागावं लागतं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. त्याने मागितलं, आणि सॅनफ्रान्सिस्कोच्या भारतीय वकिलातीपर्यंत निरोप गेला. जामीनदार एजंटाकडून जामीन घेतला तर साधारण रकमेचा दहावा हिस्सा द्यावा लागतो आणि तो परत मिळत नाही, हेही आधी कळलं म्हणून आम्ही घाईत सही केली नाही. आणि कुणी फोन करून "आत्ता गिफ्ट कार्डाने पैसे पाठवा, लगेच सोडतो" म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. तसा फोन खरंच आला, ताई. बाबांनीच उचलला आणि ठेवला.

फोनच्या खर्चाचं बोलताना तुम्ही मार्था राइट-रीड यांची गोष्ट सांगितलीत. वॉशिंग्टनच्या एक आजी, निवृत्त नर्स, डोळ्यांनी अंध. तुरुंगातल्या नातवाशी बोलायचं तर फोनचं बिल भरता भरता नाकी नऊ यायचे. त्या लढल्या, २००३ मध्ये केंद्राच्या दूरसंचार आयोगाकडे अर्ज केला, २०१५ मध्ये वारल्या, आणि तुरुंगातल्या फोनचे दर आटोक्यात ठेवण्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा सही होऊन आला तो जानेवारी २०२३ मध्ये. आई हे ऐकत होती. म्हणाली, "त्या माउलीमुळे आज आपण बोलतोय तर."

भेटीचं आता. आईचा आणि माझा व्हिसा आधीचा होता म्हणून आम्ही निघू शकलो. भेटीला आपल्याकडे मुलाखत म्हणतात. कोल्हापुरातल्या कळंब्याच्या जेलवरून आयुष्यभर ये-जा केली, पण मुलाखतीला आत जायची वेळ कधी आली नव्हती, आणि आली ती थेट सातासमुद्रापार. त्याने आधी आमची नावं भेटीच्या यादीत घालायची, मग आम्ही वेळ घ्यायची. ओळखपत्र म्हणून मूळ पासपोर्ट, झेरॉक्स नाही. फोन आणि पर्स गाडीत. कैद्यांच्या कपड्यांच्या रंगाचे कपडे नकोत. आईच्या साडीच्या पिना तुम्ही स्वतः पार्किंगमध्ये उभं राहून काढल्यात, पदर नुसता खोचून दिलात, की यंत्र वाजू नये आणि तिला कुणापुढे ओशाळं व्हायला लागू नये. माझ्या बहिणीनेसुद्धा इतकं सांभाळून केलं असतं की नाही, सांगता येत नाही.

आणि निघायच्या आधी सकाळी परत एकदा नोंद बघा, असं तुम्ही बजावलं होतं. त्याच सकाळी त्याला दुसऱ्या इमारतीत हलवल्याचं दिसलं. तिथला भेटीचा वार वेगळा. बघितलं नसतं तर आई दारावरून परत आली असती. ज्यांची माणसं आत आहेत त्यांनी हे एवढं तरी लक्षात ठेवावं. नाव यादीतून गायब झालं, तरी हातपाय गाळू नका. सुटला असेल, हलवला असेल, किंवा इमिग्रेशनच्या ताब्यात गेला असेल. त्यांचा शोध वेगळा, तिथे त्यांचा 'ए' नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी माणसाला दिलेला क्रमांक, किंवा नाव, आणि सोबत जन्माचा देश लागतो.

तुमची सगळ्यात मोठी सूचना गाडीतली. "काचेपलीकडच्या फोनवर जे बोलाल ते रेकॉर्ड होतं. केसबद्दल एक अक्षर नको. मराठीत बोललं तर कुणाला कळणार, असं समजू नका, त्यांना दुभाषी मिळतो." आई महिनाभर एकच प्रश्न घेऊन बसली होती, की बाळा, कसं झालं हे? तो तिने गिळला. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून अर्धा तास ती त्याला गावाकडचं सांगत होती. म्हैस व्यालीय, रेडी झाली. उसाला अजून तोड आलेली नाही. परसातला शेवगा वाऱ्याने पडला, पण बुंध्यातून परत फुटलाय. तो नुसता हं हं करत होता. शेवटी त्याने विचारलं, "रेडीचं नाव काय ठेवलं?" आई म्हणाली, "तू सांग." त्याने सांगितलं. वेळ संपल्यावर ती शांतपणे उठली, आणि बाहेर तुमच्या गाडीत बसल्यावर रडली. तुम्ही गाडी सुरू न करता थांबून राहिलात.

कोर्टाच्या तारखा अजून चालू आहेत. ज्यांना लागलं ते गृहस्थ आता चालू-फिरू लागलेत, असं वकिलांकडून कळलं. आई रोज देवापुढे दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडते. चूक आमच्या पोराची आहे, त्याने ती भरायची आहे. फक्त भरताना तो एकटा पडला नाही, ते तुमच्यामुळे.

एक राहिलं. आईने त्याच्यासाठी आणलेले डिंकाचे लाडू आत नेता येत नाहीत म्हणून तुमच्याकडे दिले होते. तुम्ही डबा परत दिलात तो रिकामा नव्हता, तुमच्या परसातली लिंबं भरून. आईने निघायच्या आधी त्या लिंबांचं लोणचं घातलं आणि बरणी त्याच्या रूमवर ठेवलीय. मुरायला ठेवलंय, उघडू नकोस, असं रूममेटला बजावलंय. धाकटा सुटून आला की पहिली वाटी तुमच्याकडे घेऊन येईल.

तुमचा भाऊ,
कोल्हापूर