कै. विनायक लक्ष्मण भावे यांस आभारपत्र

सा. न. वि. वि.

१ जून १८९३ रोजी ठाण्यात आपण सोबत्यांसह मराठी ग्रंथसंग्रहालय काढलंत, तेव्हा आपल्याला बावीसही पुरी झाली नव्हती. वाचनालयं त्याआधीही होती: रत्नागिरीत १८२८ पासून, कोल्हापुरात १८५० पासून. पण फक्त मराठी पुस्तकं जमवायची आणि मिळतील ती सगळी जमवायची, हा हट्ट ठाण्याचा. आभार त्या हट्टाचे.

१८६७ च्या कायद्यानं छापील पुस्तकांच्या सरकारी याद्या होऊ लागल्या होत्या. यादीत नाव टिकतं, पुस्तक टिकेलच असं नाही. लावण्यांची चोपडी, नाटकाची पदं, क्रमिक पुस्तकं, पंचांगं वापरून फाटतात आणि रद्दीत जातात. मोठे ग्रंथ कसेही तगतात. पुढे शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची केली. तसल्या कामाला पृष्ठसंख्या, आकार, आवृत्ती हे सगळं लागतं, आणि त्यासाठी कुठल्या तरी कपाटात प्रत शिल्लक असावी लागते.

गंमत अशी की आपल्या काळातली पुस्तकं त्याआधीच्या पुस्तकांपेक्षा लवकर मोडतात. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद अजून वाकतो. लाकडाच्या लगद्याचा कागद तुरटी आणि राळ घालून केलेला. दमट हवेत त्यात आम्ल वाढतं, पान तपकिरी होतं आणि कोपरा दोनदा दुमडला की तुटतो. खाडीकाठच्या हवेत तारेची शिलाई गंजते ती वेगळीच. तार ओढून काढायची नाही. मागून तिचे पाय बोथट सुरीनं सरळ करायचे, तार अलगद उचलायची आणि त्याच भोकांतून दोरा घालून शिवायचं. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी कधीच नको. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. मैद्याची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची, म्हणजे पातळ पण चिवट कागदाची, पट्टी पुरते. किडीसाठी खळीत मोरचूद घालायची जुनी रीत आहे, पण तांब्याचा अंश कागद लवकर कुजवतो. आमच्या मते ती खळ पुठ्ठ्यालाही लावू नये.

सर्वांत जास्त नुकसान मात्र बांधणीत होतं. प्रत्येक नव्या बांधणीला कडा कापल्या जातात. तिसऱ्या खेपेला समासातल्या टिपा आणि कधी पृष्ठांकही जातात. वरचं रंगीत कागदी वेष्टन तर बाइंडर पहिल्याच वेळी काढून टाकतो. किंमत, प्रकाशकाच्या जाहिराती आणि पुष्कळदा छपाईचा महिना त्याच्यावरच असतो. आतल्या पानावर नुसतं ‘शके १८१५’ असेल तर ७८ मिळवून १८९३ लिहितात. पण पुस्तक माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९ मिळवायला हवेत, म्हणजे १८९४. महिना हरवला की इसवी सन एका वर्षानं चुकतो, आणि एकाच सुमाराच्या दोन पुस्तकांत आधीचं कुठलं, याचा वाद मिटत नाही.

म्हणून अशी प्रत बांधायला देताना आत चिठ्ठी ठेवावी: ‘वेष्टनासह शिवावे. कडा कापू नयेत.’

कळावे, लोभ असावा.

आपले,
जुन्या मराठी पुस्तकांची डागडुजी करणारे